मेंटीच्या करिअरला मेंटॉरने नेमका हातभार कसा लावावा?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: संस्थेच्या मेंटॉरिंग योजनेत दुसऱ्या विभागातील, तीन वर्षांचा अनुभव असलेल्या एक सहकारी आपल्याकडे मेंटी म्हणून, म्हणजे आपण मार्गदर्शन करायची व्यक्ती म्हणून, सोपवल्या गेल्या आहेत. गेले चार महिने दर पंधरवड्याला आपण तासभर भेटता, बोलणे मोकळेपणाने होते, पण त्यांच्या कामात किंवा संधींमध्ये काहीच बदललेले नाही. ‘पुढे मी काय करू?’ असे त्या विचारतात, आपण स्वतःचा अनुभव सांगता, त्या तो वहीत टिपून घेतात आणि पुढच्या भेटीत तोच प्रश्न नव्याने समोर येतो. त्यांच्या थेट वरिष्ठांना हा प्रकार फारसा रुचलेला दिसत नाही. अशा वेळी आपण नेमके काय करावे आणि किती काळ करावे, असे आपण विचारले आहे.

वीसहून अधिक वर्षे मी मेंटॉर म्हणून काम केले आहे आणि मेंटॉरिंगच्या काही योजना चालवल्याही आहेत. चार महिन्यांत काहीच न हलण्याचे मला वारंवार दिसलेले कारण हे की, मेंटॉरचे सगळे काम त्या एका तासातच उरकले जाते. माणसाचे करिअर पुढे सरकते ते हाती आलेल्या कामांमुळे आणि ती कामे कोणाच्या नजरेस पडली त्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टी भेटीच्या खोलीबाहेर घडतात. भेटीत त्यांची तयारी होऊ शकते, इतकेच. आपण आजवर केलेले वाया गेलेले नाही, कारण विश्वास जमायला वेळ लागतो आणि तो जमलेला दिसतो. आता त्याचा उपयोग करायचा आहे.

मेंटॉरच्या भूमिकेत काय काय मोडते याची सर्वांत स्पष्ट मांडणी, माझ्या मते, आजही कॅथी क्रॅम या संशोधिकेचीच आहे. एका मोठ्या संस्थेतील ज्येष्ठ आणि कनिष्ठ व्यवस्थापकांच्या १८ जोड्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन त्यांनी १९८३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंटॉर दोन प्रकारची कामे करतो, असे त्यांना दिसले. पहिल्या प्रकारात मेंटीसाठी शब्द टाकणे, त्याचे काम योग्य लोकांच्या नजरेस आणणे, काम करण्याची रीत शिकवणे, अनावश्यक जोखमीपासून त्याला वाचवणे आणि कस लागेल असे काम त्याच्यापर्यंत पोहोचवणे यांचा समावेश होतो. दुसऱ्या प्रकारात आधार, आपलेपणा, स्वतःच्या वागण्यातून घालून दिलेले उदाहरण आणि मन मोकळे करायला जागा या गोष्टी येतात. संस्थेने जुळवून दिलेल्या बहुतेक जोड्या दुसऱ्या प्रकारात रमतात, कारण तो सुखाचा असतो आणि त्यात मेंटॉरचे काही पणाला लागत नाही. आपल्या वर्णनावरून आपणही तिथेच थांबला आहात असे वाटते.

इथे अपेक्षा थोडी जमिनीवर आणायला हवी. मेंटॉर लाभल्याने काय फरक पडतो यावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पगार आणि बढती यांसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टींवरचा परिणाम लहान आढळला, तर कामातले आणि करिअरमधले समाधान यांच्याशी असलेला संबंध अधिक सातत्याने दिसला. म्हणजे आपल्या प्रयत्नांनी वर्षभरात त्यांना बढती मिळेलच असे नाही, आणि तसे आश्वासन चुकूनही देऊ नये.

आता त्यांच्या ‘पुढे मी काय करू?’ या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न ऐकला की मेंटॉरच्या तोंडून आपोआप स्वतःची गोष्ट सुरू होते. ती खोटी नसते, पण ती दुसऱ्या काळातली, दुसऱ्या विभागातली आणि दुसऱ्या स्वभावाच्या माणसाची गोष्ट असते. शिवाय आपल्या यशाची कारणे आपल्याला जितकी ठाऊक आहेत असे वाटते तितकी ती ठाऊक नसतात. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी दोन भेटी फक्त त्यांच्या मागच्या वर्षाच्या कामाला द्या. कोणते काम हातात असताना घड्याळाकडे लक्ष गेले नाही, कोणते काम उत्तम जमले तरी संपल्यावर सुटल्यासारखे वाटले, कोणती जबाबदारी उद्या काढून घेतली तर वाईट वाटेल, कोणत्या बाबतीत सहकारी आपण होऊन त्यांच्याकडे मदत मागायला येतात, हे विचारा आणि उत्तरे शब्दशः लिहून ठेवा. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ हा लाडका प्रश्न मात्र टाळा. मुलाखतीसाठी पाठ केलेल्या उत्तरापलीकडे त्यातून फारसे काही हाती लागत नाही.

हे मी केवळ आवडनिवडीतून म्हणत नाही. एडगर शाईन या संशोधकांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाखेतून बाहेर पडलेल्या ४४ पदवीधरांचा मागोवा १९६० च्या दशकापासून पुढे अनेक वर्षे घेतला. माणूस करिअरमध्ये शेवटपर्यंत जे सोडायला तयार नसतो, त्याला त्यांनी (जहाजाला जागेवर धरून ठेवतो तसा) नांगर म्हटले. कोणाचा नांगर विषयातले प्रावीण्य हा असतो, कोणाचा इतरांचे नेतृत्व, कोणाचा स्थैर्य, तर कोणाचा स्वायत्तता, आणि पुढे त्यांनी असे आठ नांगर नोंदवले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, हा नांगर विचार करून सापडत नाही. काही वर्षे प्रत्यक्ष काम केल्यावर, निरनिराळ्या परिस्थितींत आपण काय निवडले हे मागे वळून पाहिल्यावर तो हळूहळू दिसू लागतो. तीन वर्षांच्या अनुभवाच्या माणसाला तो अजून स्पष्ट दिसत नसेल तर त्यात त्याचा काही दोष नाही. त्याच्यासमोर पुरेशा वेगवेगळ्या परिस्थिती आलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

यातली माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक अतिशय तल्लख मेंटी होता. आकडेवारीच्या विश्लेषणात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मी स्वतः याच वाटेवर अडकून पडण्याची भीती अनुभवली होती आणि वेळीच संघप्रमुख होऊन बाहेर पडले होते. त्यामुळे तो संघप्रमुख झाला की त्याचा मार्ग मोकळा होईल याबद्दल मला शंकाच नव्हती. मी त्याला पटवले, त्याच्यासाठी शब्द टाकला आणि पद मिळवूनही दिले. दीड वर्ष तो रजेचे अर्ज, आपसातले वाद आणि आढावा बैठका यांत पिचत राहिला आणि अखेर स्वतः विनंती करून मूळ कामावर परतला. आज तो त्या विषयातला मान्यवर तज्ज्ञ आहे. मला तेव्हा जे कळले नाही ते असे की, मी त्याची अडचण सोडवतच नव्हते. पंधरा वर्षांपूर्वीची माझी अडचण मी त्याच्या आयुष्यात नव्याने सोडवत होते. तेव्हापासून कोणताही सल्ला देण्याआधी, हा कोणासाठी आहे, असे मी स्वतःला विचारते. उत्तर दर वेळी सुखावणारे असते असे नाही.

दोन भेटींतून काहीएक दिशा दिसू लागली की प्रत्यक्ष कामाकडे या, कारण माझ्या अनुभवात मेंटॉरचा खरा उपयोग इथेच होतो. व्यावसायिक शिक्षणाचा ७० टक्के भाग प्रत्यक्ष कामातून, २० टक्के इतरांकडून आणि १० टक्के प्रशिक्षणातून येतो, असे सूत्र आपण ऐकले असेल. हे आकडे मोजमापातून आलेले नाहीत, यशस्वी अधिकाऱ्यांनी मागे वळून जे सांगितले त्यातून ते आले आहेत, त्यामुळे त्यांना नियमाचा दर्जा देऊ नये. तरीही रोख बरोबर आहे: नवे कौशल्य येते ते नवे काम केल्यानेच. म्हणून ‘कोणता अभ्यासक्रम करू?’ यापेक्षा ‘येत्या तिमाहीत कोणते काम मागू?’ या प्रश्नाला जास्त वेळ द्या.

असे काम निवडताना मी तीन गोष्टी पाहते. त्यात मेंटीला आज न येणारे असे काहीतरी असावे, पण सगळेच नवे नसावे. त्या कामाचा निकाल विभागाबाहेरच्या निदान एका निर्णय घेणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचावा. आणि ते फसले तर होणारे नुकसान भरून निघण्यासारखे असावे. तिसरी अट उत्साहाच्या भरात विसरली जाते. नव्या माणसाला संस्थेच्या सर्वांत धोक्याच्या प्रकल्पावर ढकलणे आणि त्याला संधी म्हणणे हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. ज्या प्रकल्पाला अनुभवी लोक हात लावत नाहीत, तो कनिष्ठाच्या वाट्याला सन्मान म्हणून आला तर मेंटॉरने आधी चौकशी करावी.

याची दुसरी बाजू म्हणजे आज त्यांच्या हातात काय आहे ते पाहणे. गेल्या महिन्याभरातल्या सगळ्या कामांची यादी त्यांना करायला सांगा, अगदी बैठकीचे इतिवृत्त लिहिणे, निरोप समारंभाची व्यवस्था पाहणे आणि नव्या माणसाला जागा दाखवणे इथपर्यंत. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न ठेवा: बढतीचा विचार होईल तेव्हा हे काम कोणाच्या तोंडी येईल का? अनेकांच्या यादीचा मोठा हिस्सा या प्रश्नापुढे गळून पडतो. अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, करणे आवश्यक पण करणाऱ्याला फायदा न देणारी कामे स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वेळा स्वतःहून अंगावर घेतात, अशी कामे त्यांना अधिक वेळा सांगितली जातात आणि सांगितल्यावर त्या अधिक वेळा होकार देतात. आपल्या मेंटीच्या बाबतीत हे घडत असेलच असे नाही, पण पाहायला हवे. घडत असेल तर ‘नाही म्हणायला शिका’ एवढे सांगून भागत नाही, कारण नकाराची किंमत त्यांनाच मोजावी लागते. ‘ही जबाबदारी मी सहा महिने सांभाळली, आता ती संघात आळीपाळीने ठेवूया, पुढच्या तिमाहीपासून मला अमुक कामासाठी वेळ लागणार आहे’ अशा धर्तीचे वाक्य त्यांच्यासोबत बसून तयार करा आणि ते मोठ्याने म्हणून पाहायला सांगा. हे बालिश वाटेल. तरीही ऐन वेळी तोंडातून निघते ते आधी म्हणून पाहिलेलेच वाक्य.

मेंटॉरला मेंटीच्या कामाची माहिती बहुधा मेंटीच्याच तोंडून मिळते, ही या नात्यातली एक मोठी उणीव आहे. एका मेंटीची सतत तक्रार असे की, बैठकीत तिचे कोणी ऐकत नाही. आत्मविश्वास, आवाज, देहबोली यांवर आम्ही दोन भेटी खर्च केल्या. मग तिच्या वरिष्ठांच्या परवानगीने मी एका बैठकीत मागे जाऊन बसले. तिचा आवाज उत्तम होता. ती आधी सगळी पार्श्वभूमी, मग पद्धत, मग अडचणी सांगत असे आणि निष्कर्ष अगदी शेवटी, लोक वेळ पाहू लागल्यावर येत असे. पुढच्या वेळी तिने निष्कर्ष आधी सांगितला आणि तक्रार तिथेच संपली. तेव्हा त्यांचा एखादा अहवाल वाचा, शक्य असेल तर एखादे सादरीकरण पाहा. ऐकीव हकिकतीवर दिलेला सल्ला त्या हकिकतीलाच लागू पडतो.

पाहिल्यानंतर अभिप्राय देताना मात्र सावध राहावे. क्लूगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांचे ६०० हून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झाला होता, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा कामगिरी खालावली होती. लक्ष कामावरून निघून स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाकडे वळते तेव्हा अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते, आणि ते स्तुतीलाही लागू होते. ‘तुम्ही फार हुशार आहात’ या वाक्यातून पुढच्या वेळी काय करायचे ते कळत नाही. ‘दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही खर्चाचे दोन पर्याय शेजारीशेजारी मांडलेत, त्यामुळे निर्णय सोपा झाला’ यातून ते कळते.

आता त्या भागाकडे येते, जो मेंटॉरला सर्वांत जड जातो. मेंटी खोलीत नसताना तिच्याबद्दल बोलणे हे मेंटॉरचे काम आहे. कोणाला कोणता प्रकल्प द्यायचा, कोणाला पुढे आणायचे, याची चर्चा ज्यांच्याबद्दल असते त्यांच्या अनुपस्थितीतच होते. हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले: मोठ्या कंपन्यांतील गुणवान स्त्रियांना मेंटॉर पुष्कळ मिळत होते, पण त्यांच्यासाठी आपले वजन खर्च करणारे ज्येष्ठ पुरुषांच्या तुलनेत कमी होते, आणि बढतीतला फरक समजून घेताना ही गोष्ट दुर्लक्षून चालत नव्हती. सल्ला फुकट देता येतो. शिफारस करताना मात्र आपली पत पणाला लागते, आणि म्हणूनच ती ऐकली जाते.

पत पणाला लावायची तर जे स्वतः पाहिले आहे तेवढेच बोलावे. ‘फार चांगल्या आहेत, संधी द्या’ या वाक्याला कोणी किंमत देत नाही, कारण असे प्रत्येकाबद्दल म्हटले जाते. ‘पुरवठादारांच्या विलंबावरचा त्यांचा अहवाल मी वाचला. तिसरे कारण त्यांच्याआधी कोणाच्या लक्षात आले नव्हते. नव्या प्रकल्पात हीच तपासणी करायची आहे, तेव्हा त्यांचा विचार व्हावा’ असे म्हटले की ऐकणारा निदान तो अहवाल मागवतो. इथपर्यंत मेंटॉरचे काम, पुढचे त्या अहवालाचे. आणि शिफारस करण्याइतके त्यांचे काम आपल्याला अजून पटलेले नसेल, तर ते त्यांच्याशी स्पष्ट बोलावे. नेमके काय पाहिले की आपण त्यांच्यासाठी शब्द टाकू, हे सांगावे. गोड बोलत राहायचे आणि महत्त्वाच्या क्षणी गप्प बसायचे, यासारखी फसवणूक नाही.

ओळखी करून देण्याबाबत एक जुना अभ्यास उपयोगी आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये बोस्टनजवळच्या एका उपनगरातील नोकरी बदललेल्या व्यावसायिकांची पाहणी मांडली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांचीच त्या ओळखीच्या व्यक्तीशी वारंवार भेट होत असे. सुमारे ५६ टक्के लोक तिला अधूनमधून आणि सुमारे २८ टक्के क्वचितच भेटत असत. जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्यालाही ठाऊक असते, आणि नवी बातमी थोड्या दुरून येते. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरील, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही हेच मुख्यतः खरे ठरले, मात्र सर्वाधिक उपयोग अगदी पुसट ओळखींचा नव्हे, तर त्याहून थोड्या घट्ट ओळखींचा झाला. आपल्यासाठी याचा अर्थ असा की, मेंटीला आपल्या खास मित्रांच्या वर्तुळात ओढण्याची गरज नाही. दुसऱ्या विभागांतील, त्यांच्या दिशेचे काम करणाऱ्या दोन-तीन व्यक्तींशी त्यांची गाठ घालून द्या. ‘एकदा बोलून घ्या’ असे मोघम सांगू नका. कोणत्या एका प्रश्नासाठी भेट हवी आहे ते त्यांच्याकडून लिहून घ्या, ओळखीचे दोन ओळींचे पत्र आपण लिहा आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यांना करू द्या. भेटीनंतर त्यांनी काय कळवले आणि कधी कळवले, यावरून आपल्यालाही बरेच काही कळेल.

आपण उल्लेख केलेल्या थेट वरिष्ठांचा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे, कारण काम वाटून देण्याचा आणि मूल्यमापनाचा अधिकार त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आपल्या संघातील व्यक्ती दर पंधरवड्याला दुसऱ्या विभागातील ज्येष्ठाला भेटते, आत काय बोलणे होते ते कळत नाही, आपल्याबद्दल तक्रारी होत असाव्यात अशी शंका येते, आणि उद्या ही व्यक्ती पळवली जाईल ही धास्तीही असते. हे सगळे स्वाभाविक आहे. चार महिने उशीर झाला असला तरी मेंटीची संमती घेऊन त्यांना एकदा भेटा. भेटींचा विषय कोणत्या प्रकारचा असतो ते सांगा. तिथे झालेले बोलणे बाहेर जाणार नाही आणि त्यांच्या निर्णयांवर आपण मत देणार नाही, हेही स्पष्ट करा. मग त्यांना विचारा की, या सहकारी वर्षभरात कशात तयार झाल्या तर त्यांच्या संघाचा सर्वांत अधिक फायदा होईल. या प्रश्नानंतर अढी सैल झालेली मी पाहिली आहे, कारण त्यातून आपण त्यांना डावलत नाही हे दिसते.

त्यानंतर पथ्य पाळायचे ते असे की, मेंटीसाठी नवे काम हवे असेल तर ते मेंटीने आपल्या वरिष्ठांकडे मागावे. आपण त्या संभाषणाची तयारी करून घ्यावी, पण वरच्या वर परस्पर व्यवस्था लावू नये. अशी व्यवस्था एकदा यशस्वी होते आणि तिची किंमत मेंटी पुढची दोन वर्षे मोजते. क्वचित वरिष्ठ खरोखरच अडवणूक करणारे निघतात. तेव्हाही आधी मेंटीने केलेल्या मागण्या, त्यांच्या तारखा आणि मिळालेली उत्तरे यांची नोंद पाहावी. ‘ते काही करू देत नाहीत’ या वाक्यामागे पुष्कळदा एकदाही स्पष्ट शब्दांत न केलेली मागणी असते. नोंदीतून अडवणूक खरी दिसली तर अंतर्गत बदलीचा अधिकृत मार्ग मोकळेपणाने चर्चेला घ्यावा. छळ किंवा भेदभाव दिसला तर मेंटॉरिंगची चौकट सोडून त्यासाठी नेमलेल्या यंत्रणेची माहिती द्यावी आणि तिथपर्यंत सोबत करावी. अशा वेळी गोपनीयतेचे वचन निरपवाद नसते, हे मेंटीला आधीच सांगून ठेवलेले बरे.

ज्येष्ठ म्हणून आपल्या कानावर अशा गोष्टी येतात ज्या मेंटीच्या करिअरला थेट भिडतात, जसे की विभागांची फेररचना किंवा एखादा प्रकल्प बंद होणार असल्याची वार्ता. त्या सांगता येत नाहीत. पण फक्त त्याच वेळी गप्प बसलात तर त्या गप्प बसण्यातूनच सगळे कळते. म्हणून पहिल्या भेटीपासूनच ‘अशा विषयांवर मी कधीच काही बोलत नाही, असले तरी नाही आणि नसले तरी नाही’ असा नियम जाहीर करावा. मेंटीने संस्था सोडण्याचा विचार बोलून दाखवला तर तो विश्वासाने सांगितलेला आहे हे लक्षात ठेवावे. थांबण्यासाठी गळ घालू नये आणि घाईने निरोपही देऊ नये. नव्या ठिकाणी प्रत्यक्ष काम काय असेल, कोणाच्या हाताखाली असेल, आणि इथला त्रास तिथे खरोखर नसेल का, एवढे विचारावे.

बाकी व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगते. पंधरवड्याऐवजी महिन्यातून एक भेट पुरेशी आहे, कारण मधल्या काळात काही घडायला वाव हवा. विषयपत्रिका मेंटीने आदल्या दिवशी पाठवावी. भेटीच्या शेवटी दोघांनी एकेक काम घ्यावे, आपणही, आणि पुढची भेट त्या दोन कामांपासूनच सुरू करावी. सलग दोनदा त्यांचे काम झालेले नसेल तर कारण शोधावे. ते काम आपल्यालाच हवे होते, त्यांना नव्हे, असे बऱ्याचदा निघते.

हे किती काळ चालावे? क्रॅम यांच्या अभ्यासात हे नाते सुरुवात, बहर, दुरावा आणि नव्याने जुळणे अशा चार अवस्थांतून जाताना दिसले, आणि बहराचा काळ दोन ते पाच वर्षे टिकला. ती नाती आपसूक जुळलेली होती. योजनेतून जुळवलेल्या नात्याला मुदत असलेली बरी, साधारण वर्षभराची. दुरावा येण्याची लक्षणे मला शुभ वाटतात. मेंटी आपला सल्ला ऐकून घेते आणि सकारण वेगळे काही करते, भेटी पुढे ढकलते कारण कामात गुंतलेली असते, आपल्याला ठाऊक नसलेल्या लोकांची नावे तिच्या बोलण्यात येऊ लागतात. अनेक मेंटॉर इथे दुखावतात. मीही दुखावले आहे.

आपल्या हाती अजून आठ महिने आहेत असे धरू. येत्या भेटीत ‘पुढे मी काय करू?’ हा प्रश्न आला की मागच्या महिन्यातल्या कामांची यादी मागा. त्या भेटीआधी त्यांचा एक अहवाल वाचून ठेवा. त्यांच्या संमतीने त्यांच्या वरिष्ठांची वेळ मागा. वर्ष संपताना शेवटची भेट ठरवून घ्या, तिचा तसा उल्लेखही करा, आणि त्यानंतरच्या भेटीची तारीख आपण सुचवू नका. गरज वाटली तर ती त्यांनी मागावी.